दामिनीचं गाव आणि उमाबाई

लक्ष्मम्मा इंग्लंडहून परत आल्या, त्या दिवशी उमाबाईंनी सकाळी घासलेलं पातेलं दुपारी पुन्हा घासलं. मी त्यांच्या समोरच्याच घरात भाड्यानं राहते, म्हणून हे मला दिसलं. किल्लारीहून जीप आली, दोन मोठ्या बॅगा उतरल्या, गल्लीतल्या बाया धावल्या. उमाबाई दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "आलीस का गं?"

"आले अक्का," लक्ष्मम्मा म्हणाल्या.

तेवढ्यावर उमाबाई नळाशी जाऊन बसल्या आणि राखेनं ते पातेलं घासू लागल्या.

या दोघी सख्ख्या जावा. उमाबाई थोरल्या, माहेर मुरुडचं. लक्ष्मम्मा धाकट्या, कर्नाटकच्या हद्दीवरच्या, निलंग्याकडच्या. राग आला की अजून कानडीतच बोलतात. दोघींचेही नवरे आता नाहीत. उमाबाईंचा मुलगा संगमेश्वर लातूरला दुकानात कामाला आहे, सणावाराला येतो. लक्ष्मम्मांची एकुलती एक मुलगी दामिनी नर्स झाली आणि इंग्लंडमधल्या एका लहानशा खेड्यात, वृद्धाश्रमात नोकरीला लागली. तिचं बाळंतपण करायला लक्ष्मम्मा सहा महिने गेल्या होत्या. मी बेलसावरीच्या शाळेत अकरा वर्षं शिकवते. मूळची नांदेडची. या गावात मी उपरी असल्यामुळे दोघीही माझ्याशी मोकळं बोलतात, आणि दोघींनाही वाटतं की मी आपल्याच बाजूची आहे.

बेलसावरी म्हणजे भूकंपानंतर वसवलेलं गाव. जुनं गाव इथून तीन किलोमीटरवर नदीकाठी होतं. तिथं आता बाभळी आहेत. नव्या गावाला गल्ल्यांची नावं नाहीत, आकडे आहेत. उमाबाई गल्ली नंबर चारमध्ये, लक्ष्मम्मा त्याच गल्लीत तीन घरं पुढं. वेशीवर एक दगडी खांब आहे. त्याच्यावर गाव कुणी बांधून दिलं, उद्घाटन कुणाच्या हस्ते झालं ते कोरलेलं आहे. भूकंपात मेलं कोण, ते कुठंच नाही.

लक्ष्मम्मा आल्या आणि दुसऱ्याच दिवसापासून बसवेश्वराच्या देवळाच्या ओट्यावर संध्याकाळी बायकांचा घोळका जमू लागला. त्या खेड्याचं नाव लक्ष्मम्मांना धड म्हणता येत नव्हतं, म्हणून सगळ्यांनी त्याला दामिनीचं गाव म्हणायला सुरुवात केली. दामिनीचं गाव तीनशे माणसांचं. तिथलं चर्च आठशे वर्षांचं. हजार वर्षांपूर्वी एका राजानं सगळ्या मुलखाची मोजणी केली होती, तिच्यात या गावाचे नांगर किती, बैल किती, गिरणी किती, सगळं लिहिलेलं आहे, आणि तो कागद अजून शाबूत आहे. दामिनीच्या नवऱ्यानं तो वाचून दाखवला होता.

"आमच्या पाटलाच्या वाड्याबरोबर आमचा तर फेरफारबी गेला," कुणीतरी म्हणालं.

दामिनीच्या गावातलं दुकान तोट्यात जाऊन बंद पडलं, तेव्हा गावकऱ्यांनीच ते घेतलं. आता रिटायर झालेली माणसं पाळीपाळीनं गल्ल्यावर बसतात. त्याच दुकानात पोस्ट. दारू मिळते ते एक घर आहे, पण तिथं सासू, सून, नातवंडं सगळी मिळून जेवायला जातात. जुन्या फोनची लाल पेटी आहे, तिच्यात फोन नाही. हृदय बंद पडलं तर झटका द्यायचं मशीन ठेवलंय, कुणीही घ्यावं, आणि कुणी चोरत नाही. बस दिवसातून दोनदाच, पण दहा वाजून बारा मिनिटं म्हणजे दहा वाजून बारा मिनिटं.

सगळ्यात जास्त हैराण बाया झाल्या त्या वाटेच्या गोष्टीनं. तिथं लोकांच्या शेतातून पायवाटा जातात, शेकडो वर्षांच्या, आणि मालकाला त्या अडवता येत नाहीत. उलट त्यालाच फाटक करून द्यावं लागतं.

"मी रोज जायची की," लक्ष्मम्मा म्हणाल्या. "गव्हातून. मालकानं हात हालवून राम राम केला मला."

आमच्याकडं बांधावरून डोकी फुटतात. कुणाचा विश्वास बसेना.

उमाबाई मागं पायरीवर बसून सुपात तुरी निवडत. एक दिवस चुकवला नाही त्यांनी. मधून एखादा टोला हाणत. "एवढं होतं तर आलीस कशाला?" नाहीतर, "थंडीनं हात काळे पडलेत तुझे, तेल लाव." पण प्रश्नही त्याच विचारत, नेमके. एकदा लक्ष्मम्मा सांगत होत्या की टेकडीवर एक बाक आहे, लाकडी, त्याच्या पाठीवर पितळी पट्टीत नाव कोरलंय.

"नाव कुणाचं?" उमाबाईंनी विचारलं.

"मार्गरेट म्हणून होती बाई. मेली. तिला हितं बसायला आवडायचं, असं लिवलंय."

"काय केलंतं तिनं?"

"काय न्हाई. बसायची."

उमाबाईंचा हात सुपातच थांबला. "निस्ती बसायची?"

"हाव. आन् चर्चाच्या भिंतीवर लढाईत मेलेल्या पोरांची नावं हायती. अठरा. शंभर वर्षं झाली, अजून फुलं ठेवत्यात."

त्या रात्री उमाबाई जेवल्या नाहीत, असं त्यांनीच मला सकाळी सांगितलं. शाळेत निघाले होते, तर त्या दारात उभ्या. म्हणाल्या, "बाई, एक वही द्या. दोनशे पानी."

"कशाला?"

"त्यांच्या अठरा पोरांची नावं भिंतीवर. आन् आमची? आमची काय कुत्री-मांजरं होती?"

चांगल्या भावनेतून त्या उठल्या असं मी म्हणणार नाही. त्यांच्या डोळ्यांत दामिनीचं गाव सलत होतं. लक्ष्मम्मा तिथं राहून आली हे सलत होतं. पण उठल्या हे खरं. वही घेऊन त्या घरोघर फिरू लागल्या. गल्ली नंबर एकपासून. जुन्या गावात कोण कुठं राहायचं, कोणत्या घरात भूकंपाच्या पहाटे किती माणसं होती, कोण पाहुणा आला होता, कोणाची लेक माहेरपणाला आली होती. स्वतःला लिहायला जड जातं, म्हणून संध्याकाळी त्या सांगत आणि मी लिहीत असे. काही घरांत लोक रडले. काहींनी दार लावून घेतलं. एका म्हाताऱ्यानं, पंचाक्षरी स्वामींनी, आपल्या सात माणसांची नावं सांगितली आणि आठवं सांगताना त्याला बायकोचं नावच आठवेना. दुसऱ्या दिवशी पहाटे येऊन सांगून गेला: "कमलम्मा. कमलम्मा तिचं नाव."

चार महिन्यांत दोनशे एकेचाळीस नावं झाली. लक्ष्मम्मांकडं मात्र उमाबाई गेल्या नाहीत.

"त्यांनाही आठवत असेल की," मी म्हटलं.

"तिला तिच्या गावचं आठवू द्या," उमाबाई म्हणाल्या.

वहीतलं एक नाव त्यांनी पहिल्याच दिवशी लिहायला लावलं होतं, अक्षरा. त्यांची मुलगी, चार वर्षांची. तेवढंच सांगून त्या पुढच्या घराकडं वळल्या होत्या. मीही विचारलं नाही.

मग सरपंचांनी बैठक बोलावली. भुजंगराव तसा बरा माणूस, पण त्याला प्रत्येक गोष्टीचा कार्यक्रम करायची हौस. देवळाच्या मंडपात वीस-पंचवीस माणसं जमली. भुजंगराव म्हणाले, नावांची कल्पना लई चांगली आहे, आणि आनंदाची बातमी म्हणजे दामिनीताईंनी ग्रॅनाइटच्या दगडाचा सगळा खर्च उचललाय. अनावरण लक्ष्मम्मांच्या हस्ते करू.

उमाबाईंनी वही छातीशी धरली होती. चार महिने पायपीट यांनी केली, आणि दगडावरचा पडदा ओढणार लक्ष्मम्मा.

"दामिनीताई फोनवर हायती," भुजंगराव म्हणाले. लक्ष्मम्मांनी व्हिडिओ लावला होता. मोबाइल हातोहात फिरला आणि उमाबाईंसमोर आला. दामिनी स्वेटर घालून बसली होती, कडेवर बाळ. मागं खिडकीत पाऊस.

"मोठ्याई!" ती म्हणाली. थोरल्या चुलतीला ती लहानपणापासून हीच हाक मारते. "तू एवढी नावं गोळा केलीस. मला आईनं सांगितलं. लई मोठं काम केलंस."

"बरी हायस का?" उमाबाई म्हणाल्या.

"बरी हाय. मोठ्याई, एक मागणं हाय. मला ज्या जवानानं मातीतून काढलं ना, त्याचं नाव कुणाला मालूम असलं तर दगडावर खाली लिवा. मी दरवर्षी त्याच्या नावानं इथल्या चर्चमध्ये मेणबत्ती लावते. नुसतं जवान म्हणून."

मंडपात जे म्हातारे होते त्यांनी माना खाली घातल्या. उमाबाईंनी लक्ष्मम्मांकडं पाहिलं. लक्ष्मम्मा पदर सारखा करत होत्या. तो सारखाच होता.

"कोणता जवान?" उमाबाई म्हणाल्या.

"भूकंपातला. आई सांगते की. मिलिटरीतला."

"मिलिटरी आपल्या गावात दुसऱ्या दिवशी आली गं. तुला त्याच दिवशी काढलं, सकाळी. सूर्य वर आला नव्हता धड." उमाबाईंचा आवाज चढला नाही. "मी काढलं तुला. या हातांनी. खोटं वाटत असलं तर तुझ्या आईला इचार. हितंच बसलीय."

दामिनीनं बाळ दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाली, "आई?"

लक्ष्मम्मांनी उठून उमाबाईंच्या हातातून मोबाइल घेतला आणि फोन कापला. कुणाकडं न बघता त्या मंडपातून निघून गेल्या. बैठक तिथंच मोडली.

संध्याकाळी उमाबाई माझ्याकडं आल्या. चहा केला तो त्यांनी घेतला नाही. म्हणाल्या, "मी सांगायला नको होतं का?"

मी त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

"मला बरं वाटलं," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? लई बरं वाटलं. तिचं तोंड बघितलंत का?"

मग त्यांनी ते सांगितलं, जे अकरा वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. आदल्या रात्री लोक गणपती बुडवून आले होते. जाऊबाईंची खोली आणि त्यांची खोली लागून. संगमेश्वर तेव्हा व्हायचा होता. पहाटे भिंती खाली आल्या. उमाबाई आणि त्यांचे मालक गुरुबसप्पा दाराशी झोपले होते म्हणून बाहेर फेकले गेले. धूळ एवढी, की हात दिसेना. आणि त्या धुळीत एकाच लेकराचा आवाज येत होता. दहा महिन्यांच्या दामिनीचा.

"अक्षराकडनं आवाज न्हवता," उमाबाई म्हणाल्या. "मी हाक मारली. आवाज न्हवता. जिकडनं आवाज आला तिकडं हात गेले माझे. मालक तिकडं उकरत होते, मी हिकडं. पांढरी माती, दगड. नखं गेली. हिला काढली, हिच्या नाकातली माती बोटानं काढली, मालकांकडं वळले. तवर काय..."

त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाल्या, "तिकडं आदी गेले असते तर? डॉक्टर म्हणला, काय फरक पडला नसता, भिंत डोक्यावरच पडलीती. पर त्याला काय मालूम? दामिनी धाव्वीला पास झाली, मी पेढा खाल्ला. नर्स झाली, खाल्ला. इमानात बसली तवा तिला सोडायला लातूरपर्यंत गेले मी. प्रत्येक बारीला एकच इचार, बाई. अक्षरा आज छत्तीसची असती. आन् हिच्या आईनं काय केलं? माझे हात काढून घेतले अन् जवानाला दिले."

तीन-चार दिवसांनी लक्ष्मम्मा शाळेत आल्या. मधल्या सुट्टीत वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसेनात. दामिनी त्यांच्याशी बोलत नव्हती. रोज उमाबाईंना फोन करत होती.

"तुम्हांला मी लई वाईट दिसत असंन," त्या म्हणाल्या.

"तसं काही नाही."

"माझा पाय चेंगरला होता. मालूम हाय ना? तीन महिने सोलापूरच्या दवाखान्यात पडून होते. परत आले तर पत्र्याच्या शेडमधी माझं लेकरू अक्कांना आई म्हणतंय. माझ्याकडं येईना. मला बघून रडायचं, बाई. माझ्या पोटचं लेकरू! अक्कांनी तोंडानं कधी काय म्हटलं न्हाई. पर मी घ्यायला गेले की अक्कांचे हात सुटायचे न्हाईत. हळूच, एक-एक बोट सोडायच्या."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. पोरं खिचडीच्या ताटल्या धूत होती.

"मग ती मोठी झाली, इचारायला लागली, मला कुणी काढलं? अक्कांचं नाव सांगितलं असतं तर ती तिकडंच गेली असती. आदीच अर्धी तिकडं होती. म्हणून मी जवान केला. जवान आला आन् गेला. तो काय परत मागायला येनार न्हाई."

"आणि इंग्लंडचं?" मी न राहवून विचारलं. "तुम्ही जे रोज सांगायचा, ते उमाबाईंना टोचावं म्हणून?"

लक्ष्मम्मा थोडं हसल्या. "थोडं. जिंदगीभर त्यांच्याकडं काहीतरी होतं जे माझ्याकडं न्हवतं. एकदा तरी माझ्याकडं असावं की."

दगड उमाबाईंनी नाकारला. भुजंगरावांनी तीन वेळा येऊन समजावलं. शेवटी मी शाळेच्या कंपाउंडची रस्त्याकडची भिंत देऊ केली. मुख्याध्यापकांनी हरकत घेतली नाही. संगमेश्वर लातूरहून रंगाचे डबे घेऊन आला. किल्लारीहून पेंटर बोलावला. पांढऱ्या चुन्यावर काळी अक्षरं. गल्ली नंबरांप्रमाणे नाही, जुन्या गावाच्या आळ्यांप्रमाणे, वेशीपासून नदीपर्यंत, जशी घरं होती तशी. सहा दिवस काम चाललं आणि सहाही दिवस उमाबाई स्टुलावर बसून पेंटरच्या वेलांट्या तपासत होत्या. त्यांना लिहिणं जड जातं, पण ती दोनशे एकेचाळीस नावं त्यांना दुरून ओळखू येत होती.

पाचव्या दिवशी लक्ष्मम्मा आल्या. उमाबाईंकडं न पाहता मला म्हणाल्या, "जुन्या देवळाच्या मागं विहिरीच्या कामाला आलेली माणसं उतरली होती. लोह्याकडची. ती लिवली का?"

मी वही चाळली. नव्हती. आणि कुणाच्याच घरात ती मोजली गेली नव्हती, कारण ती कुणाच्याच घरातली नव्हती.

"बाईचं नाव कावेरीबाई," लक्ष्मम्मा म्हणाल्या. "आदल्या सांजच्याला ताक मागायला आलीती माझ्याकडं. पदराआड लेकरू होतं. नवऱ्याचं नाव मला मालूम न्हाई, लेकराचंबी न्हाई."

उमाबाई स्टुलावरून उठल्या. त्यांना राग आला होता, आणि कशाचा तेही मला दिसत होतं. चार महिने त्या गावभर फिरल्या, एकेक माणूस वेचलं, आणि ही तीन माणसं राहिली ती नेमकी लक्ष्मम्माला आठवावीत! मग पेंटरला म्हणाल्या, "लिव. कावेरीबाई, तिचा नवरा, त्यांचं लेकरू."

"कुठं लिवू?"

"देवळाच्या मागं," दोघीही एकदमच म्हणाल्या, आणि दोघींनीही तोंडं फिरवली.

लक्ष्मम्मा लगेच गेल्या नाहीत. लंगडत भिंतीच्या कडेनं एकेक नाव बघत चालल्या. स्वतःच्या सासूच्या नावापाशी थांबल्या. त्याच्या खाली अक्षरा. त्यांनी हात पुढं केला.

"हात लावू नको," उमाबाई म्हणाल्या. "वलं हाय अजून."

मंडपातल्या त्या दिवसानंतर जावेशी बोललेलं ते पहिलं वाक्य. लक्ष्मम्मांनी हात मागं घेतला, पण तिथून हलल्या नाहीत. उमाबाईही हलल्या नाहीत. पेंटर पुढची ओळ आखत राहिला.

आता पाच महिने झाले. दोघींचं बोलणं होतं, पण कामापुरतं. दामिनी आईशी पुन्हा बोलू लागली आहे. दर रविवारी आधी फोन उमाबाईंना येतो, मग लक्ष्मम्मांना. उमाबाई तो घरात घेत नाहीत. बाहेर ओट्यावर येऊन, आवाज मोठा ठेवून, "हां मोठ्याई बोलते" म्हणून सुरुवात करतात, आणि तीन घरं पुढं लक्ष्मम्मा आपला मोबाइल हातात घेऊन दारात उभ्या असतात. एका रविवारी बोलणं संपल्यावर उमाबाईंनी मला वेळ विचारली. मी म्हटलं, चाळीस मिनिटं झाली बोलून.

"चाळीस?" त्या खूश झाल्या. "तिच्याशी गेल्या रईवारी पंधराच बोलली."

दामिनीनं उमाबाईंना उन्हाळ्यात बोलावलंय. पासपोर्टसाठी आम्ही दोघी लातूरला जाऊन आलो. फोटो काढताना फोटोग्राफर म्हणाला, "आजी, हसू नका, चालत नाही." उमाबाईंनी तोंड मिटायचा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी जमलं.